अँटिलॉक ब्रेकमधील चाकगती संवेदक व त्यांचे दोषनिदान

मोटारगाडीचा ब्रेक जोराने दाबला असता चाके जागच्या जागी अडकून गाडी घसरू नये म्हणून जी स्वयंचलित योजना केलेली असते तिला अँटिलॉक ब्रेक प्रणाली किंवा संक्षेपाने एबीएस असे म्हणतात. चाक अडकण्याच्या बेतात आहे हे या प्रणालीला ज्या साधनामुळे कळते ते साधन म्हणजे चाकगती संवेदक होय. दुरुस्तीच्या कारखान्यांत त्याला सरसकट सेन्सर म्हणतात. बोटाच्या पेराएवढे हे साधन सामान्यतः प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ बसविलेले असून चाकाची फिरण्याची गती ते विद्युत् संकेतांच्या रूपाने नियंत्रकाला कळवीत राहते. प्रणालीच्या इतर भागांच्या मानाने ते स्वस्त व साधे आहे. परंतु पाणी, चिखल, उष्णता व हादरे यांच्याशी प्रत्यक्ष गाठ त्याचीच पडते व त्यामुळे प्रणालीतील बिघाडांचा मोठा वाटा त्याच्याकडे व त्याच्या तारांकडे जातो. हा बिघाड ओळखण्याच्या रीती गेल्या सुमारे पन्नास वर्षांत कशा घडत गेल्या, हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

गडगडत जाणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता रस्त्याच्या सापेक्ष स्थिर असतो. ब्रेक लावला की चाकाची गती गाडीच्या गतीपेक्षा थोडी मागे पडते. या फरकाला घसर म्हणतात व ती शेकडेवारीने सांगतात. डांबरी रस्त्यावर साधारणपणे १० ते ३० टक्के घसर असताना टायर व रस्ता यांमधील पकड सर्वांत अधिक असते. घसर १०० टक्के झाली, म्हणजे चाक पूर्ण अडकले, की ही पकड कमी होते. पण त्याहून घातक गोष्ट ही की, चाकाची आडव्या दिशेची पकड जवळजवळ नाहीशी होते. पुढची चाके अडकली तर सुकाणू कितीही फिरविले तरी गाडी सरळच जात राहते आणि मागची अडकली तर ती स्वतःभोवती फिरू पाहते. अनुभवी चालक ब्रेक दाबून-सोडून हे टाळीत असत. तेच काम सेकंदातून अनेक वेळा व निरनिराळ्या चाकांसाठी स्वतंत्रपणे करणे हा अँटिलॉक ब्रेकचा उद्देश आहे. सैल वाळूत किंवा ताज्या हिमात मात्र अडकलेल्या चाकापुढे ढीग साचून गाडी उलट लवकर थांबते, हा अपवाद येथे नमूद केला पाहिजे.

यांत्रिक संवेदकांचा काळ : चाक अडकण्याचा जाच मोटारीच्या आधी रेल्वेला झाला. अडकलेले पोलादी चाक रुळावर घासत गेले की त्याची धाव एका जागी सपाट होते व पुढे ते चाक प्रत्येक फेऱ्याला रुळावर आदळते. मोटारीची चाके अडकू न देणाऱ्या साधनाचे पेटंट जर्मनीतील बॉश कंपनीने १९३६ मध्ये नोंदविले. परंतु ही कल्पना व्यवहारात उतरण्यास मोटारीपेक्षा विमान अधिक कारणीभूत झाले. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचे चाक अडकले तर टायर क्षणार्धात फाटतो आणि वैमानिकाला चाकाची स्थिती बसल्या जागी जाणवतही नाही. ब्रिटनमधील डनलॉप कंपनीने १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत मॅक्सरेट नावाचे एकक विमानांसाठी तयार केले. त्यात चाकाबरोबर फिरणारे एक जड प्रचक्र असे. चाक एकाएकी मंदावले की प्रचक्र आपल्या निरूढीमुळे पुढे धावे व या पुढे धावण्यानेच एक झडप उघडून ब्रेकमधील दाब उतरे. चाकाने पुन्हा गती घेतली की झडप मिटे.

या रचनेत मोजणारा भाग व कृती करणारा भाग एकच होता, ही गोष्ट दोषनिदानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एकक चाकावरून काढून हाताने फिरविले व झटक्याने थांबविले म्हणजे झडप उघडते की नाही हे समोर दिसे. बिघाड लपून राहण्यास त्यात फारशी जागा नव्हती. हेच साधन १९५८ मध्ये ब्रिटनच्या रस्ता संशोधन प्रयोगशाळेने रॉयल एनफील्ड मोटारसायकलीवर बसवून पाहिले आणि १९६६ मध्ये विक्रीस आलेल्या जेन्सन एफएफ या मोटारीत ते वापरण्यात आले. त्या मोटारीला चारही चाकांची चालना असल्याने पुढचा व मागचा आस एकमेकांशी जोडलेले होते व त्यामुळे एकाच एककावर काम भागले. मोटार महाग होती. ती साडेतीनशेसुद्धा तयार झाल्या नाहीत. चाकागणिक एकेक प्रचक्र बसविणे वजन, जागा व किंमत या तिन्ही दृष्टींनी सामान्य मोटारीला परवडणारे नव्हते.

चुंबक व वेटोळे : चाकाला स्पर्श न करता त्याची गती मोजण्याचे तत्त्व मात्र केव्हाच उपलब्ध होते. बदलत्या चुंबकीय स्रोतात ठेवलेल्या वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी १८३१ मध्ये दाखविले होते. संवेदकात एक कायम चुंबक, त्याला लागून मृदू लोखंडाची खुंटी व खुंटीभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. खुंटीच्या टोकासमोर चाकाबरोबर फिरणारे लोखंडी दंतुर कडे बसवितात. दाता समोर आला की चुंबकीय स्रोताला वाट सुलभ होते आणि खाच समोर आली की अवघड होते. या चढउतारामुळे वेटोळ्यात प्रत्यावर्ती दाब उत्पन्न होतो. कड्याला ४८ दाते व टायरचा घेर १·९ मी. धरल्यास ताशी ६० किमी. गतीला सेकंदास सुमारे ४२० आवर्तने मिळतात व ताशी ५ किमी.ला सुमारे ३५. नियंत्रक ही आवर्तने मोजतो. संवेदकाला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही, म्हणून त्याला निष्क्रिय संवेदक म्हणतात.

या संवेदकाच्या गुणातच त्याचा दोष दडलेला आहे. गती कमी झाली की आवर्तनेच तेवढी कमी होत नाहीत, तर दाबही त्याच प्रमाणात उतरतो. खुंटी व दाते यांमधील फट साधारणपणे अर्धा ते दीड मिमी. असते व तीत थोडी वाढ झाली तरी दाब पुष्कळ घटतो. वेगात असताना कित्येक व्होल्टचा असलेला संकेत गाडी थांबण्याच्या सुमारास व्होल्टच्या लहानशा अंशावर येतो व अखेर गोंगाटात बुडतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ येथे आहे.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६९ मध्ये लिंकन काँटिनेंटल मार्क ३ या मोटारीला केवळ मागच्या चाकांसाठी अशी प्रणाली दिली. क्रायस्लर कंपनीच्या १९७१ च्या इंपीरियल मोटारीत बेंडिक्स कंपनीने बनविलेली चारही चाकांची प्रणाली होती. जर्मनीत हायडेलबर्ग येथील टेलडिक्स कंपनी व डायम्लर-बेंझ यांनी मिळून काम चालविले होते. यांत्रिक संवेदकांनी त्यांनाही दगा दिला व १९६७ मध्ये प्रवर्तनाच्या तत्त्वावरील स्पर्शरहित संवेदक हाती आल्यावरच वाट मोकळी झाली. डिसेंबर १९७० मध्ये उंटरट्यूर्कहाइम येथील चाचणीमार्गावर ही प्रणाली पत्रकारांना दाखविण्यात आली. पण विक्रीस येण्यास आणखी आठ वर्षे लागली. अडचण संवेदकाची नव्हती, त्याचे ऐकणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलाची होती. सदृश पद्धतीच्या त्या मंडलात सुमारे १,००० घटक असत व मोटारीच्या हादऱ्यांत आणि उष्णतेत त्यांपैकी एखादा निकामी होणे अटळ होते. १९७५ मध्ये बॉशने हे काम आपल्याकडे घेतले, संकलित मंडलांच्या साहाय्याने अंकीय पद्धत स्वीकारली व घटकांची संख्या १४० पर्यंत खाली आणली. १९७८ च्या अखेरीस ही प्रणाली मर्सिडीज-बेंझच्या एस वर्गाच्या मोटारींत व पाठोपाठ बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत बसू लागली.

अमेरिकन मालमोटारींचा अनुभव : याच काळात अमेरिकेत जे घडले ते या विषयाच्या इतिहासात अधिक बोधप्रद आहे. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या वाहनांनी १२ फूट रुंदीची मार्गिका न सोडता व चाके न अडकता ठराविक अंतरात थांबले पाहिजे, असा नियम तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने केला. तो १९७५ च्या जानेवारीपासून ट्रेलरांना व मार्चपासून मालमोटारी आणि बस यांना लागू झाला. नियमात अँटिलॉक ब्रेकचे नाव नसले, तरी त्यावाचून तो पाळणे शक्य नव्हते. फारसा अनुभव नसलेल्या प्रणाली अशा रीतीने लक्षावधी मैल धावणाऱ्या वाहनांवर एकदम चढल्या. संवेदकांच्या तारा तुटणे, जोडण्यांत पाणी जाणे, बेअरिंगच्या हालचालीने फट वाढणे आणि विद्युत् व्यत्ययामुळे खोटे संकेत मिळणे या तक्रारी सुरू झाल्या. चालकांचा विश्वास उडाला व अनेक ठिकाणी प्रणाली सरळ तोडून ठेवण्यात आली. पॅकार कंपनीने केलेल्या दाव्यात नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने १९७८ मध्ये, नियम लागू झाला तेव्हा तो वाजवी व व्यवहार्य नव्हता असे ठरवून, त्याचा चाके न अडकण्याविषयीचा भाग रद्द केला. ज्या वर्षी जर्मनीत अँटिलॉक ब्रेक यशस्वीपणे विक्रीस आला त्याच वर्षी अमेरिकेतील मालमोटारींवरून तो हद्दपार झाला, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे.

सक्ती परत येण्यास १७ वर्षे गेली. दरम्यान २०० ट्रॅक्टर व ५० ट्रेलर नेहमीच्या मालवाहतुकीत ठेवून प्रणालीचा टिकाऊपणा पाहण्यात आला. मार्च १९९५ मध्ये नवा नियम जाहीर झाला. तो १ मार्च १९९७ पासून ट्रॅक्टरांना आणि १ मार्च १९९८ पासून ट्रेलरांना व एकसंध मालमोटारींना लागू झाला. या खेपेस नियमाने अँटिलॉक ब्रेक तर मागितलाच, पण त्याचा बिघाड चालकाला कळविणारा दिवाही मागितला. गाडी बंद करतेवेळी असलेला बिघाड पुन्हा चालू करताना दिव्याने परत दाखविला पाहिजे अशी तरतूद करण्यात आली आणि ट्रेलरच्या मागील भागी डाव्या बाजूस पिवळा दिवा आला. तो चालकाला आरशातून दिसे व रस्त्यावर तपासणी करणाऱ्यालाही दिसे. बिघाड टाळता येत नसेल तर निदान तो लपू नये, हा धडा पहिल्या प्रयत्नाच्या अपयशातून मिळालेला होता. सुटे करण्यास सोपे जावे म्हणून मालमोटारींतील संवेदक पुढे स्प्रिंगसारख्या पकडीच्या नळीत बसविण्यात येऊ लागला. तो कड्याला टेकेपर्यंत आत ढकलतात व चाकाच्या हालचालीने तो स्वतःच हवा तेवढा मागे सरकतो. बेअरिंग सैल झाले असेल तर तो गरजेपेक्षा अधिक मागे सरकतो. म्हणून मालमोटारीच्या कारागिराने संवेदकाच्या तक्रारीत प्रथम चाक हलवून पाहावे असा संकेत आहे.

निदानाची जुनी रीत : गाडी चालू केली की एबीएसचा पिवळा दिवा काही क्षण लागतो व मालवतो. तेवढ्या वेळात नियंत्रक प्रत्येक मंडल अखंड आहे की नाही हे पाहतो. गाडी चालू लागल्यावर चाकांचे संकेत एकमेकांशी जुळतात का, हे तो तपासतो. काही विसंगती आढळली तर प्रणाली स्वतःस बाजूला काढून घेते व दिवा लावून ठेवते. साधा ब्रेक शाबूत राहतो. पण ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक दाबण्याची वेळ आली तर चाके अडकणार आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखे होणार, हे दिव्याचे सांगणे असते. काही गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांमधील ब्रेकदाबाची वाटणीही हीच प्रणाली करते. तेथे पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी पुढे न नेणे इष्ट असते.

१९८० नंतरच्या दशकात कोणते चाक दोषी आहे हे कळण्यासाठी विवक्षित टोक तारेने जमिनीस जोडीत व दिवा किती वेळा लुकलुकतो हे मोजीत. चाक कळल्यावर उरलेले काम मल्टिमीटरने होई. गाडी बंद करून जोडणी सोडावयाची व वेटोळ्याचा रोध मोजावयाचा. तो बहुधा ८०० ते २,५०० ओहम यांमध्ये असतो. रोध अमर्याद आला तर तार तुटलेली, शून्याजवळ आला तर वेटोळे आतल्या आत जुळलेले. वेटोळे व जमीन यांमध्ये मात्र वहन मुळीच असता कामा नये. नंतर चाक उचलून सेकंदाला सुमारे एक फेरा या गतीने हाताने फिरवावयाचे व प्रत्यावर्ती दाब पाहावयाचा. तो साधारण दशांश व्होल्ट किंवा अधिक भरला आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाशी जुळला तर संवेदक बरा समजत. ही तपासणी नियंत्रकाच्या बाजूच्या जोडणीवरून केली तर मधल्या तारांचीही परीक्षा होते. तार सुकाणूबरोबर वळते व चाकाबरोबर वरखाली होते. त्यामुळे आवरण धड दिसत असूनही आतले तंतू तुटलेले असतात. अशी तार मापन चालू असताना वाकवून पाहिल्याखेरीज दोष सापडत नाही. आपल्याकडे उभ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, ही भर घालावी लागेल.

दोलनदर्शक जोडला तर मल्टिमीटरला न दिसणारे दोषही दिसतात. कड्याचा एक दाता मोडला असेल किंवा गंजाने फुगून कडे तडकले असेल तर तरंगांच्या सलग रांगेत प्रत्येक फेऱ्याला एकदा खंड पडलेला दिसतो. कडे वाकडे असेल तर तरंगांची उंची एका फेऱ्यात वाढते व घटते. संवेदक चांगला असून कडे खराब असण्याचे हे प्रकार विशेषतः ज्या गाड्यांत कडे आसाच्या बाह्य सांध्यावर दाबून बसविलेले असते त्यांत आढळतात. चुंबकाच्या टोकावर ब्रेकच्या झिजेचा लोखंडी कीस साचणे हेही नेहमीचे कारण आहे व त्यावर फडक्याने पुसणे एवढाच उपाय असतो.

दिवा न लागणारा दोष : वरील सर्व दोषांत निदान दिवा लागतो. ज्यात तो लागत नाही असा एक दोष अमेरिकेच्या थंड प्रदेशांत पुढे आला. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. संवेदक ज्या बैठकीवर बसतो तिच्यावर मिठाने गंज चढला की गंजाचा थर संवेदकाला हळूहळू वर उचलतो. फट मिलिमीटरच्या काही अंशानेच वाढते, वेटोळ्याचा रोध अगदी बरोबर येतो आणि वेगात संकेतही पुरेसा असतो. चालक मंद गतीने चौकात थांबू लागतो तेव्हा मात्र या चाकाचा संकेत इतर चाकांच्या आधी बुडतो. नियंत्रकाला दिसते ते असे, की तीन चाके फिरत आहेत व चौथे एकाएकी शून्यावर आले आहे. चाक अडकल्याचे हेच तर लक्षण आहे. म्हणून तो त्या चाकाचा दाब सोडून देतो. पायाखाली ब्रेक थरथरतो व गाडी थांबण्याऐवजी चार हात पुढे सरकते. प्रणालीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. उलट तिने आपले काम चोख केलेले असते.

या कारणासाठी जनरल मोटर्स कंपनीने २००५ मध्ये १९९९ ते २००२ या सालांच्या सुमारे ८ लाख पिकअप व तत्सम गाड्या मीठ वापरणाऱ्या राज्यांतून तपासणीसाठी परत बोलाविल्या. उपाय साधा होता : संवेदक काढणे, बैठक घासून स्वच्छ करणे, गंजरोधक लेप देणे व गरज पडल्यास नवा संवेदक बसविणे. गंज तसाच ठेवून वर नवा संवेदक बसविला तर दोष कायम राहतो, कारण संवेदकात काही दोष नसतोच. हा दोष पकडण्याची खात्रीची रीत म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर चालवून चारही चाकांच्या गती एकाच वेळी वाचणे व थांबताना कोणते चाक सर्वांत आधी शून्यावर उतरते ते पाहणे होय. एखाद्या चाकाची गती सदैव थोडी कमी किंवा अधिक दिसली, तर त्याचे कारण बहुधा निराळ्या मापाचा टायर किंवा दात्यांची संख्या चुकलेले कडे हे असते.

सक्रिय संवेदक : संकेत मंद गतीला बुडू नये यासाठी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वेटोळ्याची जागा अर्धसंवाहकांनी घेतली. एडविन हॉल (१८५५–१९३८) यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम, विल्यम टॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्व्हिन (१८२४–१९०७) यांनी १८५० नंतरच्या दशकात दाखविलेला चुंबकीय रोधबदल आणि आल्बेअर फेर व पेटर ग्र्यूनबेर्क यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारा महाचुंबकीय रोधबदल या तिन्हींचा उपयोग अशा संवेदकांत केला जातो. दंतुर कड्याच्या जागी पुष्कळदा बेअरिंगच्या मुद्रेतच उत्तर व दक्षिण ध्रुव आळीपाळीने असलेले चुंबकीय कडे असते. संवेदकाला नियंत्रकाकडून वीज मिळते व तो त्याच दोन तारांवरून साधारणपणे ७ व १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांच्या प्रवाहाने उत्तर देतो. प्रवाहाच्या या पायऱ्या गतीवर अवलंबून नसल्याने चाक जवळजवळ थांबेपर्यंत संकेत स्पष्ट राहतो. काही संवेदक चाकाच्या फिरण्याची दिशाही सांगतात.

या बदलाने जुन्या कारागिराचे हत्यार निरुपयोगी केले. सक्रिय संवेदकाचा रोध मोजण्यात अर्थ नसतो. किंबहुना मापकाच्या विजेने त्याला इजा होण्याचा संभव असतो. येथे प्रथम जोडणीपाशी पुरवठ्याचा दाब पोहोचतो की नाही हे पाहतात व मग चाक सावकाश फिरवून प्रवाह दोन पातळ्यांत उडी घेतो का हे पाहतात. चुंबकीय कडे डोळ्यांना काळ्या रबरी चकतीसारखे दिसते व त्यावरील ध्रुव चुंबकदर्शी पापुद्रा ठेवल्यावरच प्रकट होतात. नवे बेअरिंग उलटे बसविले गेले तर चुंबकीय बाजू संवेदकापासून दूर जाते व सर्व भाग नवे कोरे असूनही संकेत येत नाही.

संकेतांक व त्यांची मर्यादा : अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना १६ टोकांची प्रमाणित निदान जोडणी आली व पुढे ती इतरत्र रूढ झाली. ती जोडणी मूलतः धुराच्या नियंत्रणासाठी होती. त्यामुळे स्वस्त वाचक यंत्रे एंजिनाचे संकेतांक वाचतात, ब्रेकचे पुष्कळदा वाचीत नाहीत. जी वाचतात त्यांना सी ००३५ हा संकेतांक पुढच्या डाव्या चाकासाठी, सी ००४० पुढच्या उजव्यासाठी, सी ००४५ मागच्या डाव्यासाठी व सी ००५० मागच्या उजव्यासाठी मिळतो. या संकेतांकांची शब्दरचना नीट वाचली पाहिजे. त्यांत संवेदकाच्या मंडलात दोष आहे असे म्हटलेले असते, संवेदक निकामी झाला आहे असे नव्हे. आणि मंडलात तार, जोडणी, कडे, बेअरिंग, फट व नियंत्रक यांचाही समावेश होतो. संकेतांक पाहून लगेच संवेदक बदलण्याची पद्धत सर्वत्र पडली आहे व ग्राहकाचा पैसा त्यात वाया जातो. संशय असल्यास, रचना एकसारखी असेल तेथे, डावा व उजवा संवेदक अदलाबदल करून दोष संवेदकाबरोबर जातो की जागीच राहतो हे पाहणे ही बिनखर्चाची परीक्षा आहे. १९९५ पासून मोटारींत येऊ लागलेली स्थैर्य-नियंत्रण प्रणाली, कर्षण नियंत्रण व काही गाड्यांतील टायरदाबाची सूचना ही सर्व याच संवेदकांवर अवलंबून असतात. त्यामुळे एका तुटक्या तारेने तीन-चार दिवे एकदम लागून चालक घाबरून जातो.

भारतातील स्थिती : भारतात अँटिलॉक ब्रेकची सक्ती प्रथम मोठ्या प्रवासी व मालवाहू वाहनांना आणि पुढे मोटारी व दुचाकींना करण्यात आली. १२५ घ. सेंमी.पेक्षा मोठ्या एंजिनाच्या दुचाकींच्या नव्या नमुन्यांना एप्रिल २०१८ पासून व जुन्या नमुन्यांच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ती लागू झाली. मोटारींसाठीही हीच दोन वर्षे ठरविण्यात आली होती. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा ब्रेकांच्या मान्यतेसाठी चाचण्या करते. बर्फावरच्या मिठाचा प्रश्न आपल्याकडे नसला, तरी किनाऱ्यावरील खारी हवा, पावसाळ्यात तुंबलेले पाणी व शेतरस्त्यांचा चिखल हे गंजाला पुरेसे आहेत. चिखल वाळून दात्यांच्या खाचा भरल्या तर मात्र धुण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

दुचाकीत खाचांचे कडे ब्रेकच्या तबकडीशेजारी उघडेच असते. पंक्चर काढण्यासाठी चाक उतरवून जमिनीवर आडवे टाकले की ते वाकते. संवेदकाची तार तशीच ताणली जाऊन तुटते. चाक बसविताना संवेदकाखालची चकती राहून गेली तर फट बदलते. अनेक दुचाकींत प्रणाली केवळ पुढच्या चाकाचाच दाब सोडते, हे चालकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. दुरुस्तीनंतर दिवा लगेच मालवतोच असे नाही. बऱ्याच गाड्यांत चाके काही गतीने फिरून संकेत जुळल्याची खात्री झाल्यावरच नियंत्रक दिवा विझवितो, म्हणून दुकानातून निघताना दिवा दिसला तरी थोडे अंतर चालवून पाहतात. मधल्या स्टँडवर उभी करून मागचे चाक एंजिनाने फिरविले असता दिवा लागतो तो प्रकार वेगळा. पुढचे चाक स्थिर व मागचे फिरते, ही विसंगती नियंत्रकाला बिघाडासारखी दिसते. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली व गाडी रस्त्यावर काढली की हा दिवा बहुधा जातो, व तोपर्यंत कोणताही भाग उघडण्याचे कारण नसते.